पंचाचा वांटा

नाशिकहून आग्रा रस्त्यानें निघालें, कीं ओझर मागें टाकल्यावर थोड्याच वेळांत पिंपळगांव बसवंत लागतें. निफाड तालुक्यांतील हें गांव द्राक्षांसाठीं, कांद्यासाठीं आणि टोमॅटोसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु या गांवाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर बागांतून हिंडण्यापेक्षां कांद्याच्या लिलावाच्या वेळीं बाजार समितीच्या आवारांत जाऊन उभें राहावें. कांद्यानें भरलेलीं वाहनें ओळीनें उभीं असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनापाशीं येतो, कोणी चार कांदे हातांत घेऊन दाबून पाहतो, क्विंटलाचा भाव पुकारला जातो, दोन-चार वेळां वाढतो, आणि पाहतां पाहतां घोळका पुढच्या वाहनाकडे सरकतो. तीन-चार महिन्यांच्या कष्टाचा निवाडा एखाद-दुसऱ्या मिनिटांत होतो. ज्याचा माल, तो शेतकरी त्या वेळीं बाजूला उभा असतो, आणि बहुधा कांहीं बोलत नाहीं.

निवाडा हा शब्द मीं जाणून वापरला आहे. बाजार म्हणजे केवळ देवघेवीचें ठिकाण नव्हे. तें एक न्यायस्थानही आहे. भाव पुकारणारा, काट्यावर वजन करणारा, माल आंतून खराब निघाला अशी तक्रार आल्यास ती मिटविणारा, आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारी समिती, हे सारे दिवसभर लहानमोठे निवाडेच करीत असतात. म्हणून न्यायासनासंबंधीं जो प्रश्न शतकानुशतकें विचारला गेला, तोच या आवारांतही विचारावा लागतो. निवाडा करणाराचा त्या निवाड्यांत कांहीं वांटा आहे काय? कायद्याच्या भाषेंत याला हितसंबंधाचा प्रश्न म्हणतात. मी मात्र आज ‘वांटा’ हा आपला जुना, घरगुती शब्दच पसंत करणार आहें. कारण वांटा म्हणजे काय, हें एकत्र कुटुंबाच्या कथा ऐकत वाढलेल्या कोणाही मराठी माणसाला समजावून सांगावें लागत नाहीं.

या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा, तर प्रथम आपल्याच गांवच्या पारावर जावें लागेल. पेशवाईपर्यंतच्या महाराष्ट्रांत वतनाचे, जमिनीचे, मानपानाचे तंटे गोतसभेपुढें येत. गोत म्हणजे केवळ सोयरेधायरे नव्हेत. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, पेठ असल्यास शेटे-महाजन, आणि प्रकरण मोठें असल्यास परगण्याचे देशमुख-देशपांडे, असा तो जमाव असे. वादी-प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत, होईल तो निर्णय मान्य करूं असा राजीनामा देत आणि त्यासाठीं जामीन उभे करीत, साक्षी होत, आणि अखेरीस निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्या महजरावर पाटलाच्या नांवाशीं नांगराची निशाणी असे, आणि बलुतेदारांच्या नांवांशीं त्यांच्या त्यांच्या धंद्याच्या हत्यारांची. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांचीही जबाबदारी अशा रीतीनें कागदावर येई.

आतां या सभेकडे थोड्या चिकित्सक दृष्टीनें पाहूं. तंटा पाटीलकीचा असला, तर निर्णयाला बसलेला शेजारगांवचा पाटील स्वतःच वतनदार असावयाचा. बसलेल्यांपैकीं कोणी वादीचा व्याही, तर कोणी प्रतिवादीचा ऋणको. शेताचा बांध पूर्वीं कोठें होता हें ज्याला नेमकें ठाऊक, त्याचें स्वतःचें शेत त्याच बांधाला लागून असावयाचें. परका माणूस आणावा, तर त्याला बांध ठाऊक नाहीं. ठाऊक असलेला माणूस आणावा, तर तो परका नाहीं. जाणता तोच वांटेकरी, हा या साऱ्या इतिहासांतील मूळ पेंच आहे, आणि पिंपळगांवच्या कांद्यापर्यंत तो आपली पाठ सोडीत नाहीं.

गोतसभेनें या पेंचावर योजिलेले उपाय साधे होते. निर्णय एकट्याच्या हातीं द्यावयाचा नाहीं. पुष्कळांना बसवावयाचें, म्हणजे एकाचा वांटा दुसऱ्याच्या वांट्यानें तोलला जाईल. बंद दाराआड बसावयाचें नाहीं. देवळांत किंवा नदीकांठीं, चारचौघांच्या देखत बसावयाचें. आणि बोलणाऱ्याला देवाधर्माची आणि पूर्वजांची शपथ घालावयाची. इतकें करूनही पक्षकाराची खातरी पटली नाहीं, तर आणखी एक मार्ग उघडा होता. त्याला ‘थळ’ म्हणत. येथील पंच माझ्या प्रतिपक्षाला धार्जिणे आहेत, मला दुसरें थळ मिळावें, अशी मागणी पक्षकाराला करतां येई, आणि ती मान्य झाल्यास तंटा दूरच्या सभेकडे सोंपविला जाई.

निफाड तालुक्यांतून वाहत जाणारी गोदावरी पुढें पैठणास पोंचते. तें पैठण अशा थळांपैकीं एक नांवाजलेलें थळ होतें. विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींतील एक प्रकरण अभ्यासकांच्या परिचयाचें आहे. साताऱ्याकडील मसूर गांवच्या वतनावरून बापाजी मुसलमान नांवाचा इसम आणि जगदाळे यांच्यांत तंटा लागला होता. तिकडील पंचायतीचा निकाल बापाजीच्या विरुद्ध गेला. पंच जगदाळ्यांच्या बाजूचे आहेत, अशी तक्रार करून त्यानें प्रकरण लांब पैठणास नेण्याची परवानगी मागितली, आणि ती त्याला मिळाली. पैठणच्या सभेनेंही निकाल त्याच्या विरुद्धच दिला.

मग एवढी यातायात करून बापाजीनें काय मिळविलें, असें कोणी विचारील. माझ्या मतें पुष्कळ मिळविलें. आणि केवळ त्यानेंच नव्हे, तर जगदाळ्यांनींही. पहिल्या निकालानंतर बापाजीला असें म्हणतां येत होतें, कीं आपण हरलों ते पंचांच्या नात्यागोत्यामुळें. पैठणच्या निकालानंतर तें म्हणतां येईना. आणि जिंकलेल्या जगदाळ्यांच्या हक्कावर जी शंकेची छाया होती, तीही दूर झाली. पंचाचा वांटा काढून घेण्यानें निकाल बदलतोच असें नाहीं. परंतु त्या निकालाची पत बदलते. मात्र या उपायाचें मोलही द्यावें लागे. पैठणच्या सभेंत मसूरचा बांध कोणी पाहिलेला नव्हता. तिला साक्षीदारांच्या तोंडावर आणि कागदांवर विसंबावें लागे. शिवाय तेथवर जाण्यायेण्याचा खर्च ज्याला झेपेल, त्यालाच हें थळ उपयोगी पडे. वांटा दूर ठेवला, कीं जाणही कांहीं अंशीं दूर राहते, आणि खर्च मात्र वाढतो.

हें झालें पंचांविषयीं. पण स्वतः सरकारचा वांटा नव्हता काय? होता. निकाल लागल्यावर जिंकणाराकडून सरकार ‘हरकी’ घेई, आणि हरणाराकडून ‘गुन्हेगारी’. जिंकणाराच्या हर्षाबद्दल ती हरकी. आपल्या बाजूनें एवढें म्हणतां येईल, कीं कोणीही जिंकला तरी हरकी यावयाचीच. म्हणून ती न्यायाचा तराजू एका विशिष्ट बाजूला झुकविणारी नव्हती. परंतु लोकांच्या तंट्यांत सरकारची मिळकत गुंतली, हें नाकारतां येत नाहीं.

हाच दोष इतरत्र किती उघड्या स्वरूपांत होता, हें पाहण्यासारखें आहे. लंडनच्या वैद्यमंडळाला परवान्याशिवाय वैद्यकी करणाऱ्यांना दंड करण्याचा अधिकार होता, आणि त्या दंडाचा निम्मा हिस्सा त्याच मंडळाला मिळे. डॉक्टर बॉनहॅम यांच्या १६१० च्या प्रकरणांत सर एडवर्ड कोक यांनीं यावर बोट ठेविलें: जें मंडळ फिर्यादी, तेंच न्यायाधीश, आणि दंडाचें वांटेकरीही तेंच, हें चालावयाचें नाहीं. पुढें तीनशें वर्षांनीं, १९२७ सालीं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें ओहायो संस्थानांतील एका खेड्याच्या नगराध्यक्षाचें प्रकरण आलें. दारूबंदीचे खटले तोच चालवी. आरोपी दोषी ठरला तर त्या खटल्यापायीं त्याला ठराविक रक्कम मिळे, निर्दोष ठरला तर कांहीं नाहीं. न्यायालयानें तें सारें रद्द ठरविलें. आमची हरकी आणि हा नगराध्यक्ष यांत अंतर आहे, पण तें पायरीचें आहे, जातीचें नाहीं.

न्यायाधीशाचा सर्वांत मोठा वांटा मात्र पैशांत मोजतां येत नाहीं. तो त्याच्या नोकरींत असतो. ज्यानें नेमलें, त्याच्याच विरुद्ध निकाल देण्याची वेळ आली तर काय? आपल्या इतिहासांत ही वेळ एकदां आली, आणि ती ज्याच्यावर आली त्याचें नांव आजही न्यायाचा पर्याय म्हणून उच्चारलें जातें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्यास शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव पेशवे झाले. नाशिकजवळचें आनंदवल्ली हें ज्यांचें आवडतें निवासस्थान, तेच हे रघुनाथराव. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी केली, आणि प्रत्यक्ष धन्याला सांगितलें, कीं या पातकाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाहीं. त्यानंतर ते पुणें सोडून निघून गेले. रघुनाथरावांची सत्ता गेल्यावरच ते पुन्हां न्यायासनावर आले.

रामशास्त्र्यांविषयीं आणखी एक गोष्ट परंपरेनें सांगतात. दक्षिणेच्या वांटपाच्या वेळीं त्यांचे बंधू आले असतां नाना फडणिसांनीं शास्त्रीबोवांच्या मानास शोभेल अशी मोठी दक्षिणा देऊं केली. शास्त्र्यांनीं ती अडविली, आणि बंधूंच्या विद्येप्रमाणें इतरांस मिळते तेवढीच त्यांसही द्यावी. भाऊ म्हणून अधिक द्यावयाचें तें मी माझ्या घरांतून देईन, असें सांगितलें. गोष्टींतील तपशील जसाच्या तसा घडला असो वा नसो, लोकांनीं ती जपून ठेविली यांतच तिचा अर्थ आहे. सरकारी पैसा कोणता आणि घरचा पैसा कोणता, ही रेघ कोठें ओढावयाची, हें लोकांना पक्कें ठाऊक होतें.

परंतु, श्रोतेहो, येथें आपण थोडें थांबावयास हवें. रामशास्त्र्यांचा गौरव करतांना आपण एक गोष्ट विसरतों. त्यांना आपला वांटा सोडण्यासाठीं नोकरी सोडावी लागली, गांव सोडावें लागलें. धन्याविरुद्ध निर्णय देणाऱ्या न्यायाधीशाला सांभाळील असा एकही नियम त्या राज्यांत नव्हता. राज्याला रामशास्त्री लाभले, हें राज्याचें भाग्य. पण न्यायव्यवस्था भाग्यावर चालवितां येत नाहीं. १८१८ मध्यें पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत पंचायतीची बारकाईनें पाहणी केली. तिचा विलंब, तिची शिथिलता आणि पंचांच्या लाचलुचपतीविषयींच्या तक्रारी त्यानें दडविल्या नाहींत, तरी लोकांचा तिच्यावर विश्वास आहे म्हणून ती राखावी असें त्याचें मत होतें. पुढें कोर्टें आलीं, आणि पंचायत हळूहळू मागें पडली. तिच्या जागीं जो नवा विचार आला, त्याचें वैशिष्ट्य इंग्लंडांतील एका प्रकरणावरून चांगलें कळतें.

विल्यम डाइम्स नांवाच्या एका जमीनमालकाचा ग्रँड जंक्शन कालव्याच्या कंपनीशीं दीर्घ वाद चालला होता. इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तेथील न्यायखात्याचे शिरोमणि, लॉर्ड कॉटनहॅम यांनीं कंपनीच्या बाजूचे हुकूम कायम केले. मागाहून उघडकीस आलें, कीं लॉर्डसाहेबांचे त्याच कंपनींत कांहीं हजार पौंडांचे भाग आहेत. १८५२ सालीं उमरावांच्या सभेनें तो निर्णय रद्द केला. त्या वेळीं लॉर्ड कॅम्बेल यांनीं जें सांगितलें, त्याचा मथितार्थ असा: त्या भागांमुळें कॉटनहॅमसाहेबांचें मन तिळभरही ढळलें असेल असें कोणी मानणार नाहीं, तरीसुद्धां स्वतःच्या प्रकरणांत कोणी न्यायाधीश होऊं नये, हें तत्त्व पवित्र मानलेंच पाहिजे.

या विचारांतील मर्म नीट पाहा. गुन्हा सिद्ध झाला म्हणून निकाल रद्द झाला नाहीं. न्यायाधीश प्रामाणिक होता हें गृहीत धरून तो रद्द झाला. नियमानें माणसाच्या अंतःकरणांत डोकावण्याचा आग्रहच सोडून दिला. तूं सज्जन आहेस कीं दुर्जन, हें मी विचारीत नाहीं. तुझा वांटा कोठें आहे एवढेंच सांग, असें नियम म्हणतो. आणि म्हणूनच ‘आपण उठून बाहेर जावें’ असें एखाद्या सभासदास सुचविणें हा त्याचा अपमान नव्हे. आपल्याकडे हें अजूनही कळावें तितकें कळलेलें नाहीं. तसें सुचवितांच ‘माझ्यावर अविश्वास दाखवितां काय’ असा प्रश्न येतो आणि सभा गप्प बसते.

आतां कोर्टांतून पुन्हां बाजाराकडे वळूं. कारण जाणता आणि वांटेकरी यांचा पेंच जितका बाजारांत आहे तितका अन्यत्र क्वचितच असेल. आपल्याकडील नियंत्रित बाजारांचा आरंभ वऱ्हाडांत झाला. १८८६ सालीं कारंजास हैद्राबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमानें असा बाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. शुद्ध कापूस गिरण्यांना मिळावा, हा त्यामागील एक मोठा हेतु होता. या कायद्याखालील समित्या मुख्यतः नगरपालिका आणि कापसाचे व्यापारी यांच्या प्रतिनिधींच्या असत; शेतकऱ्याला तींत स्वतंत्र स्थान नव्हतें. बाजाराची माहिती व्यापाऱ्याला, म्हणून बाजाराचें नियमन व्यापाऱ्याकडे, हा तर्क वरवर सरळ दिसतो. परंतु ज्याच्यावर नियम चालवावयाचा, त्याच्याच हातीं नियम दिला गेला.

त्या काळच्या बाजारांत काय काय चालत असे, हें जुन्या पिढीनें ऐकलेलें आहे. रुमालाखालीं हात घालून, बोटें दाबून सौदे होत. माल ज्याचा, त्याला शेवटपर्यंत कळत नसे कीं कोणी काय भाव दिला. अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नांवांनीं पट्टींतून रकमा कापल्या जात. या सर्वांत अडत्याची भूमिका विशेष विचार करण्यासारखी आहे. अडत्या हा शेतकऱ्याचा मुखत्यार; माल जितका महाग विकला जाईल, तितकें त्याच्या धन्याचें हित. परंतु शेतकरी वर्षांतून चार-दोन वेळां येतो, आणि खरेदीदार व्यापारी रोज येतो. रोजचा स्नेह कोणाशीं जुळेल, हें सांगावयास नको. त्यांतून अडत्यानेंच माल स्वतःसाठीं घेतला, तर विकणाराचा मुखत्यार आणि विकत घेणारा एकच होतो. अशा वेळीं भाव योग्य होता काय, हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. योग्य भाव काढण्याचें साधनच तेथें उरलेलें नसतें.

सुधारणा हळूहळू झाली. १९२७ च्या मुंबई इलाख्याच्या कापूस बाजार कायद्यानें माल पिकविणाऱ्यांना समितींत स्थान दिलें. १९२८ सालीं शेतीविषयक शाही मंडळानें नियंत्रित बाजारांची जोरदार शिफारस केली. १९३९ सालीं मुंबईचा शेतमाल बाजार कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कायदा आला. या कायद्यानें समितींत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बहुमत दिलें. व्यापारी-अडत्यांना मोजक्या जागा आणि हमाल-मापाऱ्यांनाही प्रतिनिधित्व दिलें. वऱ्हाडचा तराजू उलटा झाला. जाणत्यांना बाहेर काढलें नाहीं, कारण त्यांच्यावांचून बाजार कळत नाहीं. पण त्यांना अल्पसंख्य केलें. गोतसभेंतील ‘पुष्कळांना बसवावें’ या युक्तीचाच हा नवा अवतार म्हणावयाचा.

या कायद्यांतील मला सर्वांत अर्थपूर्ण वाटणारी जागा मात्र समितीच्या रचनेंत नाहीं; ती व्याख्यांत आहे, जेथें सामान्य वाचक कधीं थांबत नाहीं. शेतकरी कोणाला म्हणावें? जो स्वतः किंवा मजुरांकडून शेतमाल पिकवितो तो. पण व्याख्या तेथें संपत नाहीं. शेतमालाचा व्यापारी किंवा दलाल स्वतः शेती करीत असला, तरी तो या कायद्यापुरता शेतकरी नव्हे, असें पुढें म्हटलें आहे. पिंपळगांवच्या परिसरांत याचा अर्थ काय, तो पाहा. सातबाऱ्यावर नांव आहे, बागेंत द्राक्षें आहेत, चाळींत कांदा आहे; तरी ज्याच्या हातीं व्यापाराचा परवाना आहे, त्यानें शेतकऱ्याच्या खुर्चीवर बसावयाचें नाहीं. एका माणसाचे दोन वांटे असूं शकतात, आणि ते एकमेकांविरुद्ध असूं शकतात, हें सत्य कायद्यानें एका वाक्यांत ओळखलें आहे.

अर्थात् नियम एका माणसाला ओळखतो. घराला ओळखणें त्याला कठीण जातें. परवाना एका भावाच्या नांवें आणि शेत दुसऱ्याच्या नांवें असलें, तर व्याख्या दोघांनाही निरनिराळे समजते, पण संध्याकाळीं दोघे एकाच पंक्तीला जेवतात. स्थानिक स्वराज्याच्या कायद्यांनीं या बाबतींत कांहीं पावलें पुढें टाकलीं आहेत. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा आणि ग्रामपंचायतींचा १९५८ चा कायदा पाहा. संस्थेच्या ठेक्यांत ज्याचा वांटा किंवा हितसंबंध आहे, मग तो प्रत्यक्ष असो, अप्रत्यक्ष असो वा भागीदारामार्फत असो, त्याला सभासदत्वास अपात्र ठरविण्याची तरतूद त्यांत आहे. गांवची गटार बांधणाऱ्याचा ठेका पंचाकडे असूं नये, इतकी साधी ती गोष्ट आहे.

पण ठेका नसतांही वांटा असूं शकतो. १९६६ सालीं भारतीय वनसेवेसाठीं जम्मू-काश्मीर राज्यांतील अधिकाऱ्यांची निवड व्हावयाची होती. त्या राज्याचे हंगामी मुख्य वनसंरक्षक नक्शबंद हे निवडमंडळाचे सभासद होते, आणि स्वतः उमेदवारही होते. त्यांचें स्वतःचें नांव निघालें तेव्हां ते बाजूला झाले. परंतु त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचीं नांवें निघालीं तेव्हां ते बसलेले होते. क्राइपाक आणि इतर अधिकारी न्यायालयांत गेले, आणि १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती निवड रद्द केली. या निकालाचें महत्त्व दुहेरी आहे. एक तर अर्धें उठणें म्हणजे उठणें नव्हे, हें त्यानें स्पष्ट केलें. यादींत एकाला खालीं सारणें म्हणजे दुसऱ्याला वर चढविणेंच असतें. दुसरें असें, कीं हा नियम केवळ न्यायाधीशांचा नाहीं. कचेरींत, मंडळांत, समितींत बसून जो कोणी लोकांच्या भाग्याचा निर्णय करतो, त्याच्यावरही तो लागू आहे. न्यायमंदिराच्या पायऱ्या उतरून हा नियम आपल्या रोजच्या व्यवहारांत आला, तो विशेषेंकरून या निकालानें.

तो खाजगी म्हणविणाऱ्या संस्थांपर्यंतही पोंचला आहे. मुंबईस मुख्य कचेरी असलेल्या क्रिकेट नियामक मंडळानें २००८ सालीं आपल्या नियमांत एक फेरफार केला. मंडळाच्या कारभाऱ्यांस मंडळाच्याच व्यापारी स्पर्धांत आर्थिक हितसंबंध ठेवण्यास त्यानें मोकळीक दिली. सामन्यांचे नियम करणारा आणि संघाचा मालक एकच, अशी स्थिति त्यांतून आली. २२ जानेवारी २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फेरफार रद्द ठरविला. आपल्या घरांतील मुलांनाही यांतील न्याय सहज कळतो. गल्लींतल्या खेळांतदेखील जो फलंदाजी करतो, त्याला पंच म्हणून उभें करीत नाहींत.

मग गोतसभेपासून इथवर येऊन आपण काय शिकलों? मला वाटतें, इतकेंच, कीं वांटा नसलेला जाणता माणूस मिळणें दुर्मिळ आहे, आणि त्याची वाट पाहत बसल्यास कोणताच निर्णय होणार नाहीं. कायद्यानेंही हें मानलें आहे. दुसरा कोणीच निर्णय करूं शकत नसेल, तेव्हां निरुपायानें वांटेकऱ्यालाही बसूं देतात. परंतु निरुपाय हा अपवाद आहे. एरवीं तीन गोष्टी कोणत्याही संस्थेला करतां येण्यासारख्या आहेत. विषय निघण्यापूर्वीं आपला वांटा सांगावा. सांगितल्यावर उठावें, आणि पूर्ण उठावें. आणि उठल्याची नोंद इतिवृत्तांत व्हावी, म्हणजे उद्यां कोणी विचारल्यास तिची साक्ष देतां येईल. महजरावर नांगराची निशाणी करणाऱ्या पाटलाला ही तिसरी गोष्ट समजावून सांगावी लागली नसती.

अडतीच्या बाबतींतही २०१६ च्या जुलैंत राज्य सरकारनें असाच एक गुंता सोडविण्याचा प्रयत्न केला. फळें-भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरविलें. व्यापाऱ्यांनीं विरोध केला, नाशिक जिल्ह्यांतील कांद्याचे लिलाव बंद पडले, आणि पुष्कळ वाद झाले. त्या वादांत कोणाची बाजू किती खरी होती, हा आजचा विषय नाहीं. परंतु कोणाचें वेतन कोणी द्यावें, हा प्रश्न लहान नाहीं, हें त्या निमित्तानें सर्वांच्या ध्यानांत आलें. रामशास्त्र्यांपुढेंही तोच प्रश्न वेगळ्या रूपानें उभा होता.

पिंपळगांवच्या आवारांत बाजूला उभा असलेला तो शेतकरी भाव ऐकून घरीं जातो. भाव कमी आला तर तो देवाला, पावसाला, निर्यातीच्या धोरणाला बोल लावील. तें सारें तो सोसूं शकतो, कारण त्यांत कोणाचा डाव नसतो. पण ज्या दिवशीं त्याच्या मनांत येतें, कीं भाव पुकारणाऱ्याचा, वजन करणाऱ्याचा किंवा तक्रार ऐकणाऱ्याचा त्यांत वांटा आहे, त्या दिवशीं त्याचें नुकसान क्विंटलाच्या हिशेबानें मोजण्यापलीकडे जातें. बापाजीला निदान पैठण तरी होतें. आजच्या शेतकऱ्याला कांद्याचें भरलेलें वाहन घेऊन पैठणास जाणें शक्य नाहीं. म्हणून पैठण त्याच्यापाशीं आणावयास हवें. आणि समितीच्या बैठकींत एखादा सभासद आपण होऊन, ‘यांत माझा वांटा आहे, मी बाहेर बसतों,’ असें म्हणून उठतो, त्या क्षणीं तें आलेलें असतें.